पार्देसच्या दाराशी : यरुशलेम ते लोद, सात दिवस

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२० : यरुशलेम

विमानतळावरून निघणारी नवी आगगाडी २५ मिनिटांच्या आसपास यरुशलेमला पोहोचते. स्थानक जमिनीखाली सुमारे ८० मीटर खोल असल्यामुळे एकामागून एक सरकते जिने चढत वर यावे लागते. शेवटच्या जिन्याच्या तोंडाशी माझी लेक उभी होती. ती येथे विद्यापीठात शिकते आणि या प्रवासाचा आराखडा तिनेच तयार केला होता. माझ्याकडे केवळ एक प्रश्न होता, तोही आजोबांकडून आलेला.

आम्ही पुण्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले मराठीभाषक यहुदी. रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो या १९२१ साली बांधलेल्या सिनेगॉगमध्ये मी लहानपणी आजोबांचे बोट धरून जात असे. कबालाचे, म्हणजे यहुदी गूढविद्येचे, नाव मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले आणि त्या नावापाठोपाठ आली ती ताकीदच : चाळिशी उलटल्याशिवाय झोहर या तिच्या मुख्य ग्रंथाला हात लावायचा नाही. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "आधी पोटभर जेव, मग बागेत हिंड." त्या वाक्याचा अर्थ मला अनेक वर्षांनी कळला आणि आता माझी चाळिशी उलटूनही बरीच वर्षे झाली आहेत.

दुसरा धागा पुण्याच्याच इतिहासातला आहे आणि तो आमच्याच लोकांना फारसा ठाऊक नाही. १८८७ साली अब्राहम डेव्हिड एझिकील या पुण्यातील बगदादी यहुदी गृहस्थांनी झोहरमधील 'इद्रा झुता' या भागाचे हिब्रू लिपीतील अरबी बोलीत भाषांतर करून छापले. ते थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद होते. हे गूढ ज्ञान सर्वसामान्यांच्या भाषेत यावे असे त्यांना वाटत होते, तर बगदादच्या रब्बींना नेमके तेच नको होते आणि त्यांनी या पुस्तकाला कडाडून विरोध केला. लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या, आसपास राहणाऱ्या एका माणसाने उघडलेले ते दार कोणाला उघडे हवे होते, कोणाला बंद हवे होते आणि का, हे समजून घेण्यासाठी मी येथे आलो आहे.

रात्री जेवण झाल्यावर लेकीने मिश्ना या प्राचीन यहुदी धर्मशास्त्राच्या संग्रहातील हगीगा या खंडाचा दुसरा अध्याय काढला. जगाची उत्पत्ती दोघांसमोर एकदम शिकवू नये, आणि यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेल्या रथाचे, म्हणजे 'मर्कावा'चे, रहस्य एकट्यालाही शिकवू नये. मात्र तो सुज्ञ असेल आणि आपल्या बुद्धीने उमजून घेणारा असेल, तर गोष्ट वेगळी. हे त्यातील पहिले वाक्य. वर काय आहे, खाली काय आहे, पूर्वी काय होते आणि पुढे काय होईल, या चार गोष्टींत जो डोकावतो तो जन्मालाच आला नसता तर बरे झाले असते, असेही तेथे पुढे म्हटले आहे. मिश्नावरील चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमुदमध्ये चार विद्वान 'पार्देस'मध्ये, म्हणजे फळबागेत, शिरल्याची कथा येते. बेन अझाईने पाहिले आणि तो मेला. बेन झोमाने पाहिले आणि त्याच्या बुद्धीवर परिणाम झाला. एलिशा बेन अबुयाने रोपे छाटली, म्हणजे धर्मच सोडला. रब्बी अकिवा तेवढे सुखरूप बाहेर आले. आजोबांची बाग ती हीच. या कथेत बाग खोटी आहे असे कोणीच म्हणत नाही, हे मला त्या रात्री प्रथमच जाणवले. चौघेही खरोखर तेथे गेले होते, हे गृहीत धरूनच सारी चर्चा चालते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी : राष्ट्रीय ग्रंथालय

राष्ट्रीय ग्रंथालय तेव्हा गिवात राम येथील जुन्या इमारतीत होते आणि आत शिरताच मोर्देखाई आर्दोन यांनी केलेल्या रंगीत काचांच्या भव्य खिडक्या दिसल्या. यशया संदेष्ट्याने सांगितलेली शांततेची भविष्यवाणी त्यांत चितारलेली असून तिच्या भोवती कबालातील चिन्हे गुंफली आहेत. वरच्या भागातील एका वाचनकक्षाला कबालाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांचे नाव होते आणि त्यांच्या संग्रहातील सुमारे २५,००० ग्रंथ हा त्या कक्षाचा पाया होता.

शोलेम यांचा जन्म १८९७ साली बर्लिनमध्ये झाला आणि १९२३ साली ते यरुशलेमला आले. त्यांच्या तरुणपणी जर्मनीतील सुशिक्षित यहुद्यांना कबालाची लाज वाटत असे. यहुदी धर्म म्हणजे विवेक आणि नीती, असे युरोपाला पटवून देण्याच्या त्या काळात परमेश्वराच्या दहा प्रकटीकरणांची, म्हणजे 'सेफिरोत'ची, भाषा अडचणीची ठरत होती. कबालाची हस्तलिखिते बाळगणाऱ्या एका वृद्ध विद्वानाकडे शोलेम एकदा गेले आणि हे सारे आपण अभ्यासले आहे हे किती थोर, असे भारावून म्हणाले. तेव्हा हा केरकचरा मी वाचायचाही की काय, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. त्या उत्तराने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली असे म्हणावेसे वाटते, कारण पुढली साठ वर्षे त्यांनी तो 'केरकचरा' ओळीन् ओळ वाचला आणि यहुदी इतिहासात त्याचे स्थान किती मध्यवर्ती आहे हे दाखवून दिले.

झोहर कोणी लिहिला, हा प्रश्न याच कक्षात विचारायला हवा. परंपरा सांगते की तो दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योहाई यांचा आहे. ग्रंथ मात्र प्रकट झाला तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कास्तिल प्रांतात, मोशे दे लेओन यांच्या हातून. आक्रे येथील रब्बी इझ्झाक हे चौकशीसाठी स्पेनला गेले होते. मूळ प्रत आपल्या आविला येथील घरी आहे आणि तेथे ती दाखवतो, असे मोशे यांनी त्यांना शपथेवर सांगितले. पण घरी पोहोचण्यापूर्वीच १३०५ साली वाटेत आरेव्हालो येथे त्यांचा मृत्यू झाला. अशी कोणतीही मूळ प्रत नव्हती, नवरा आपल्याच डोक्यातून लिहीत असे, असे पुढे त्यांच्या विधवेने सांगितल्याची नोंद आहे. ग्रंथाची अरामी भाषा तपासून शोलेम यांनीही, आधी बराच काळ साशंक राहिल्यानंतर, मुख्य लेखक मोशे दे लेओनच असल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतरच्या अभ्यासकांना एका लेखकाऐवजी एक संपूर्ण मंडळ दिसते.

मी मराठी माणूस आहे, त्यामुळे हा काळ वाचताना मनात दुसरे साल उमटल्याशिवाय राहिले नाही. ज्ञानेश्वरी १२९० ची. कास्तिलमध्ये जेव्हा अरामीसारख्या, कोणाच्याही बोलण्यात नसलेल्या भाषेत रहस्य गुंडाळले जात होते, त्याच सुमारास नेवाशाला गीतेचे रहस्य संस्कृतातून सोडवून मराठीत आणले जात होते. दोन्ही कृतींमागे सारखीच तळमळ असू शकते, असे मला वाटते. वाचक कोण असावा याचे उत्तर तेवढे वेगळे होते.

शेजारच्या टेबलावर काळा कोट घातलेला एक हसिदी, म्हणजे कर्मठ भक्तिपंथातील, तरुण एक जुनी छापील प्रत पाहत होता. झोहर मोशे दे लेओनने लिहिला हे त्याला मान्य असेल का, असे मी लेकीला हळूच विचारले. ती म्हणाली, "बाबा, त्याच्या लेखी हा प्रश्नच नाही. लेखणी कोणाचीही असो, प्रार्थनेत जे उतरले ते पवित्र झाले."

दुपारी आम्ही बंदीचा इतिहास काढून बसलो आणि आजोबांच्या चाळिशीचा उगम सापडला. सतराव्या शतकात रब्बी शब्बताई कोहेन यांनी धर्मशास्त्रावरील आपल्या टीकेत, चाळीस वर्षांपूर्वी कबाला शिकू नये, असे मत नोंदवले होते. त्याला धार आली ती मात्र एका भयंकर घटनेनंतर. स्मिर्ना येथे १६२६ साली जन्मलेल्या शब्बताई झ्वी याने १६६५ साली आपण मसीहा असल्याचे घोषित केले. गाझाच्या नाथानने त्याच्यासाठी कबालातूनच समर्थन उभे केले आणि येमेनपासून ॲम्स्टरडॅमपर्यंत लोक घरदार विकून निघण्याच्या तयारीला लागले. १६६६ साली सुलतानापुढे त्याने इस्लाम स्वीकारला. पुढल्या शतकात याकोब फ्रांक याने तीच आग पोलंडमध्ये पुन्हा भडकवली, तेव्हा १७५६ साली ब्रोडी येथे बहिष्काराचा ठराव झाला : तिशीपूर्वी झोहर नाही आणि चाळिशीपूर्वी आरींच्या, म्हणजे त्सफातचे कबाला-गुरू इझ्झाक लुरिया यांच्या, परंपरेचे ग्रंथ नाहीत. म्हणजे आजोबांची ताकीद मोशे संदेष्ट्याच्या काळापासून चालत आलेली नव्हती. एका समाजाने भाजल्यानंतर घेतलेली ती खबरदारी होती. हे कळल्यावर माझ्या मनातील तिचा मान उलट वाढला.

बुधवार, ५ फेब्रुवारी : बेथ एल

पहाटे जुन्या शहरातील यहुदी वस्तीत बेथ एल येथे प्रार्थनेला गेलो. रब्बी गेदालिया हायोन यांनी १७३७ साली स्थापन केलेल्या या पाठशाळेची परंपरा आरींच्या पद्धतीने ध्यानपूर्वक प्रार्थना करण्याची आहे. शब्द तेच, जे पुण्यात आम्ही म्हणतो. पण येथील प्रार्थनापुस्तकात त्या शब्दांखाली परमेश्वराच्या नावांच्या अक्षरांच्या निरनिराळ्या मांडण्या छापलेल्या असतात. म्हणणारा एका शब्दाशी थांबतो, डोळे मिटतो आणि बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. ही शांतता मला सुरुवातीला जड गेली. आपण दर सकाळी हे शब्द किती घाईने उरकतो, हे तेथे बसल्या बसल्या लक्षात येत राहिले.

या पद्धतीचे प्रार्थनापुस्तक रचणारे शालोम शाराबी (१७२०–१७७७) हे येमेनचे. त्यांच्या चरित्रकथांनुसार ते हिंदुस्थान, बगदाद आणि दमास्कस असा प्रवास करीत यरुशलेमला पोहोचले आणि याच पाठशाळेत झाडलोट करणारे सेवक म्हणून राहिले. विद्वानांची चर्चा अडली की ते उत्तर चिठ्ठीवर लिहून गुपचूप पुस्तकात ठेवत आणि शेवटी हायोन यांच्या मुलीने हे गुपित उघडकीस आणले, अशी कथा आहे. अधिकार वयाने येतो, वंशाने येतो की समजुतीने, या प्रश्नावर या परंपरेने आपल्याच संस्थापक पिढीविषयी अशी गोष्ट जपून ठेवावी, ही बाब मला फार मोलाची वाटते.

त्याच येमेनमधून कबालाचे सर्वांत निर्भीड विरोधकही आले. साना येथील रब्बी यिह्या काफिह (१८५०–१९३१) यांचे म्हणणे असे की, सेफिरोतना उद्देशून प्रार्थना करणे हा परमेश्वराच्या एकत्वालाच धक्का आहे आणि झोहर हा शिमोन बार योहाई यांचा ग्रंथ नाही. या वादाने साना येथील समाज दुभंगला. ही शंका नवी नव्हती. ख्रिस्ती लोक तीन मानतात, तर कबालावादी दहा मानतात, असा टोला चौदाव्या शतकातील रब्बी इझ्झाक बेन शेशेत यांनी एका तत्त्वज्ञाच्या तोंडचा म्हणून नोंदवून ठेवला आहे. कबालाचे उत्तर असे की, दिवा एकच आहे आणि रंग काचांचे आहेत. 'एन सोफ', म्हणजे अनंत, हा अवर्णनीयच राहतो. मला हे उत्तर पटते. तरीही दररोज दोनदा 'शेमा', म्हणजे परमेश्वर एकच आहे ही घोषणा, म्हणणाऱ्या आणि शेमाखेरीज बहुतेक सारे विस्मरणात गेले असतानाही कोकणात शतकानुशतके यहुदी म्हणून टिकलेल्या समाजात मी वाढलो आहे, त्यामुळे काफिह यांची अस्वस्थता मला परकी वाटत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी : तिबेरिया

बस जॉर्डनच्या खोऱ्यातून उत्तरेला जाते. यंदा पाऊस चांगला झाल्यामुळे उघडे डोंगरही हिरवे दिसत होते आणि गालीलचे सरोवर भरत चालले होते.

तिबेरियात रम्बाम, म्हणजे धर्मशास्त्री आणि तत्त्वज्ञ मोशे बेन मैमोन, यांची कबर आहे. त्यांचा मृत्यू १२०४ साली झाला. कबरीकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना सात-सात खांब असून त्यांच्या धर्मसंहितेच्या १४ ग्रंथांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. आजोबांचे वाक्य मुळात यांचे आहे. 'भाकरी आणि मांस' यांनी पोट भरल्याशिवाय पार्देसमध्ये फिरू नये, असे ते लिहितात आणि भाकरी-मांस म्हणजे काय तेही स्पष्ट करतात : काय विहित आणि काय निषिद्ध, याचे ज्ञान. गंमत म्हणजे रम्बाम यांची बाग ही कबालाची बाग नव्हेच. ती तत्त्वज्ञानाची होती. सोळाव्या शतकात पोलंडचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी हेच वाक्य 'मांस आणि मद्य' असे करून पुढे चालवले आणि कबालाच्या अभ्यासकांनीही ते आपलेसे केले. बाग कोणती, याविषयी भांडणारे पंडित जेवणाच्या क्रमाविषयी एकमताने बोलतात. शेजाऱ्याचे देणे बुडवणाऱ्याने, उपवास आणि शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, न पाळणाऱ्याने सृष्टीच्या उगमाविषयी बोलू नये, इतका हा साधा क्रम आहे. मला वाटते, यहुदी परंपरेचा कबालाविषयीचा खरा दृष्टिकोन वयाच्या अटीत सापडत नाही. तो या क्रमात आहे.

दुपारी डोंगरउतारावर रब्बी अकिवा यांच्या कबरीपाशी गेलो. बागेतून सुखरूप बाहेर आलेले ते हेच. त्यांच्याजवळच मोशे हाईम लुझ्झात्तो यांची कबर मानली जाते आणि आजच्या दिवसात मी सर्वांत जास्त वेळ तेथेच उभा राहिलो.

लुझ्झात्तो इटलीतील पादुआचे. १७२७ साली, विसाव्या वर्षी, आपल्याला एक दिव्य वाणी ऐकू येते असे त्यांनी जवळच्या मित्रांना सांगितले आणि ते तिच्या सांगण्यावरून लिहू लागले. शब्बताई झ्वीच्या जखमा ताज्या होत्या. मुलगा तरुण आहे, अविवाहित आहे आणि वाणी ऐकतो, एवढे कळताच युरोपभरच्या रब्बींमध्ये पत्रांची फेरी सुरू झाली. १७३० साली त्यांच्याकडून असे लेखन न करण्याची लेखी प्रतिज्ञा घेण्यात आली आणि १७३५ साली फ्रँकफर्ट येथे त्यांना आणखी कठोर कबुलीवर सही करावी लागली. ॲम्स्टरडॅमला जाऊन त्यांनी १७४० साली 'मेसिलात येशारीम' हे नीतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. सावधपणापासून आरंभ करून पायरीपायरीने पावित्र्यापर्यंत नेणारे ते पुस्तक पुढे कबालाला बिचकणाऱ्या पाठशाळांतही पाठ होऊ लागले. १७४३ साली ते या भूमीत आले आणि १७४६ साली आक्रे येथे साथीच्या रोगात सहकुटुंब मरण पावले. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठलेली नव्हती.

रब्बींना मी दोष देऊ शकत नाही, कारण एका पिढीचा संसार उधळलेला त्यांनी पाहिला होता. पण या तरुणाला गप्प करताना त्यांनी एका खऱ्या ऋषीला गप्प केले, असेही मला मनापासून वाटते.

संध्याकाळच्या बसने त्सफातला निघालो. सरोवराची पातळी समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली, तर त्सफात सुमारे ९०० मीटर उंचीवर. तासाभरात कानांत दडे बसले आणि स्वेटर बाहेर निघाले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी : त्सफात

१४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी पुढल्या काही दशकांत या डोंगरी गावात येत राहिले. तुर्कांच्या अमलाखाली येथे लोकरीचा व्यवसाय भरभराटीला आला होता आणि १५७७ साली येथे हिब्रू छापखानाही निघाला. सकाळी थंड वाऱ्यात आम्ही उतारावरच्या जुन्या दफनभूमीत गेलो. १ जानेवारी १८३७ च्या भूकंपाने गावाची वाताहत केली असली, तरी येथे एका हाकेच्या अंतरावर जी नावे झोपली आहेत तशी दुसरीकडे क्वचितच असतील.

पहिले नाव योसेफ कारो (१४८८–१५७५). आजही धर्म पाळणाऱ्या यहुदी घरांत जिच्या आधाराने स्वयंपाक, सण आणि विवाह होतात, त्या 'शुल्हान आरूख' या संहितेचे हे कर्ते. पाट मांडून ताट वाढून ठेवावे, तसे धर्माचरण मांडणारा माणूस. पण याच कारोंना रात्रीच्या अभ्यासात एक दिव्य गुरू आपल्याच मुखातून बोलताना ऐकू येई आणि त्याची त्यांनी रोजनिशी ठेवली होती. काल ज्या गोष्टीसाठी लुझ्झात्तोंवर संकट आले, तीच गोष्ट येथे संहिताकाराच्या बाबतीत शांतपणे स्वीकारली गेली. दोघांच्या मध्ये शब्बताई झ्वी उभा आहे. कारोंच्या पाठीशी अख्खे धर्मशास्त्र होते, हेही खरेच.

थोड्या अंतरावर मोशे कोर्दोव्हेरो (१५२२–१५७०), ज्यांनी विखुरलेला कबाला शिस्तीने एकत्र मांडला. आणि निळ्या रंगाने रंगवलेली, मेणबत्त्यांनी वेढलेली कबर इझ्झाक लुरिया यांची. सारे त्यांना 'आरी' म्हणतात. ते १५७० साली येथे आले आणि १५७२ साली, ३८ व्या वर्षी, साथीत गेले. म्हणजे ज्यांचे ग्रंथ चाळिशीपूर्वी वाचू नयेत असे ब्रोडीने ठरवले, ते स्वतः चाळिशीपर्यंत जगलेच नाहीत. त्यांनी स्वतः फारच थोडे लिहिले. अनंताने सृष्टीला जागा देण्यासाठी स्वतःला आक्रसून घेतले; प्रकाश भरलेली पात्रे त्या तेजाने फुटली; ठिणग्या जगभर विखुरल्या आणि प्रत्येक सत्कृत्य एकेक ठिणगी उचलून परत नेते, ही शिकवण आपल्यापर्यंत आली ती शिष्य हाईम विताल यांच्या लेखणीतून. विताल हे कागद कोणाला दाखवत नसत. ते आजारी असताना त्यांच्या भावाला पैसे देऊन कागद बाहेर काढले गेले आणि शंभर लेखनिकांना बसवून तीन दिवसांत त्यांच्या नकला केल्या गेल्या, अशी कथा सांगतात. हाकलल्या गेलेल्या लोकांच्या नातवंडांना फुटलेल्या पात्रांची ही भाषा किती जवळची वाटली असेल, हे या उतारावर उभे राहिल्यावर कळते.

दफनभूमीच्या वरच्या बाजूला झऱ्याच्या पाण्याचे आरींचे स्नानकुंड आहे. पुरुषांनाच तेथे प्रवेश असतो. मी उतरलो, पाणी बर्फासारखे होते आणि तीन बुड्या मारेपर्यंत श्वास लागला. बाहेर येऊन गल्लीतून चढताना दुकानांत लाल दोरे आणि नावांचे ताईत टांगलेले दिसले. रब्बींनी ज्याची भीती धरली होती त्यातला एक भाग हाही आहे. जेवण नाही, बागही नाही, नुसते फळाचे चित्र विकत मिळते. मला त्याचे वाईट वाटले, कारण शंभर पावलांवर कोर्दोव्हेरो निजलेले आहेत.

सूर्यास्त सव्वापाचच्या सुमारास होता. आरींच्या अश्केनाझी सिनेगॉगपाशी आम्ही वेळेआधीच पोहोचलो. आरी आणि त्यांचे शिष्य शुभ्र वस्त्रे घालून शब्बाथच्या स्वागताला गावाबाहेर जेथे जात, तेथे ही वास्तू उभी आहे, असे मानतात. भूकंपात पडल्यानंतर १८५७ साली ती पुन्हा बांधली गेली. प्रार्थना सुरू झाली आणि 'लेखा दोदी' आले. चल सख्या, वधूला सामोरे जाऊ, शब्बाथचे मुख पाहू. श्लोमो अल्काबेत्झ यांनी हे गीत याच गावात रचले. कडव्यांच्या आद्याक्षरांत त्यांनी आपले नाव गुंफले आहे आणि त्यांची कबर मी सकाळीच पाहिली होती. शेवटच्या कडव्याला सारे दाराकडे वळले आणि वधूला नमन केले. मीही वळलो, न शिकवता, कारण रास्ता पेठेत मी पन्नास वर्षे हेच करीत आलो आहे.

तेथे उभ्या उभ्या मला भरून आले. ज्या कबालाला हात लावायचा नाही असे आजोबा सांगत होते, त्यातील सर्वांत सुंदर फळ ते दर शुक्रवारी माझ्या हातावर ठेवत होते. त्यांना ते ठाऊक होते की नाही, हे आता विचारता येणार नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी : त्सफात

शब्बाथला लिहिता येत नाही. ही नोंद तीन तारे दिसून शब्बाथ संपल्यानंतरची आहे.

सकाळी आरींच्या सेफार्दी सिनेगॉगमध्ये गेलो. ते दफनभूमीच्या बाजूला, खाली आहे आणि पूर्वी एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने ओळखले जाई. आत एका बाजूला गुहेसारखी लहानशी खोली आहे. आरी तेथे बसून एलियाहूकडून झोहरची रहस्ये शिकत, अशी श्रद्धा आहे. आमच्या समाजात नवस, मुंज नव्हे पण बारसे, लग्न, गृहप्रवेश, सारे काही एलियाहू हन्नाबीच्या नावाने होते. त्या अंधाऱ्या कोनाड्यापुढे मी सर्वांत आधी हात जोडले, पुस्तकी विचार नंतर आले.

धर्मग्रंथाचा या आठवड्याचा पाठ 'बेशल्लाह' होता : समुद्र दुभंगून इस्राएली लोक पार झाल्यानंतरचे गीत. दासीनेही समुद्रापाशी जे पाहिले ते यहेज्केललाही दिसले नाही, असे प्राचीन भाष्यकार त्यावर म्हणतात. जेवताना लेकीने ते वाक्य उचलून धरले. ती म्हणाली, "बाबा, मी सत्तावीस वर्षांची आहे आणि बाई आहे. ब्रोडीच्या हिशेबाने मी दारातही उभी राहू शकत नाही. पण दासीने तर सगळे पाहिले." मग तिने दोन गोष्टी सांगितल्या. हाईम विताल यांच्या स्वतःच्या दृष्टान्तांच्या वहीत भविष्य पाहणाऱ्या स्त्रियांचे उल्लेख आहेत आणि ते त्यांना गांभीर्याने घेतात. हेब्रोनचे अब्राहम अझुलाई (सुमारे १५७०–१६४३) यांनी तर लिहून ठेवले आहे की बंदी एका मुदतीपुरती होती, आणि हिब्रू वर्ष ५३०० पासून, म्हणजे १५४० पासून, लहानथोरांनी झोहरचा उघड अभ्यास करणे हेच पुण्य आहे. बंदीइतकीच जुनी अशी ही मोकळीकही परंपरेत आहे, हे मला पुण्यात कोणी सांगितले नव्हते. एझिकीलसाहेब हे वाक्य जाणत असतील, असे वाटून गेले.

रविवार, ९ फेब्रुवारी : मेरोन आणि लोद

मेरोन येथे रब्बी शिमोन बार योहाई यांची समाधी आहे. रोमन सत्तेपासून लपून त्यांनी मुलासह बारा वर्षे गुहेत काढली, कॅरोबच्या शेंगा आणि झऱ्याचे पाणी यांवर ते जगले, असे तालमुद सांगते. बाहेर आल्यावर शेती करणारी माणसे दिसली तेव्हा, शाश्वत जीवन सोडून क्षणभंगुरात रमलेले लोक म्हणून त्यांनी ज्याच्याकडे पाहिले ते जळून गेले. तेव्हा आकाशवाणी झाली : माझे जग नष्ट करायला बाहेर आलात काय, परत गुहेत जा. आणखी एक वर्षानंतर ते निवळून बाहेर आले. गूढज्ञानाच्या सर्वांत मोठ्या पुरुषाविषयीच ही गोष्ट सांगितली जाते, याचे मला विशेष वाटते.

अंगणात एका तीन वर्षांच्या मुलाचे पहिले केस काढण्याचा सोहळा चालला होता, आपल्याकडच्या जावळासारखाच. लाग बाओमेरच्या सणाला येथे लाखोंची गर्दी होते. आमच्या भेटीनंतर वर्षभराने, एप्रिल २०२१ च्या अखेरीस, त्याच सणाच्या रात्री येथील एका अरुंद उतारावर चेंगराचेंगरीत ४५ जण मृत्युमुखी पडले. ती बातमी वाचताना मला हे अंगण आणि तो मुलगा आठवला.

समाधीजवळ बसून मी लेकीला 'इद्रा झुता' वाचायला सांगितले, ज्याचे भाषांतर १८८७ साली पुण्यात झाले तोच भाग. रब्बी शिमोन यांच्या शेवटच्या दिवसाचे ते वर्णन आहे. घराला अग्नीने वेढले आहे, ते रहस्ये उलगडत आहेत आणि रब्बी अब्बा लिहून घेत आहेत. 'तेथे परमेश्वराने आशीर्वाद दिला, जीवन' या स्तोत्रवचनाशी ते पोहोचतात आणि 'जीवन' हा शब्द पुरा होण्याआधीच वाणी थांबते. लेक अरामी वाचत होती आणि मला मराठीत सांगत होती. आजूबाजूला कोणी वळूनही पाहिले नाही.

दुपारच्या बसने लोदला आलो. येथे आमच्या समाजाची बरीच घरे आहेत आणि माझी आत्याही येथेच राहते. सूर्यास्तापासून तू बिश्वात, म्हणजे झाडांचे नववर्ष, सुरू होणार होते. त्या रात्री फळे मांडून, क्रमाने आशीर्वाद म्हणत ती खाण्याचा विधी त्सफातच्या कबालाच्या प्रभावातून पुढे आला. आत्याने मात्र नेहमीसारखे मलिद्याचे ताट केले होते : गोड पोहे, वर ओले खोबरे, भोवती फळे. सारेजण एलियाहू हन्नाबीचे गाणे म्हणाले.

जेवताना मी आत्याला त्सफातच्या त्या कोनाड्याविषयी सांगितले, आरी तेथे एलियाहूकडून शिकले म्हणून. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग माझ्या लेकीकडे वळून ती म्हणाली, "अगं, तो आपल्याकडेही आला होता. अलिबागजवळ खंडाळ्याला. त्याचा रथ तेथूनच वर गेला. खडकावर खूण आहे अजून, माझ्या आईने मला कडेवर घेऊन दाखवली होती." आणि तिने मलिद्याचे ताट लेकीपुढे सरकवले.